मैनीच्या वाट्याचा दादा

घुग्घुसच्या गाडीत मोहाचा वास येण्याचं खरं तर काही कारण नाही. त्या रस्त्याचे वास ठरलेले आहेत: कोळसा, सिमेंट, डिझेल आणि पाळी संपवून आलेल्या माणसांचा घाम. मी एसटीत कंडक्टर आहे आणि हा मार्ग मी मुद्दाम मागून घेतला, धुळीसाठी. धुळीनं नाक भरलेलं असलं की दुसरं काही आत शिरत नाही. पण परवा पडोलीला एक बाई चढली, मांडीवर पोतडी घेऊन खिडकीशी बसली, आणि थोड्याच वेळात अख्खी गाडी त्या गोड, जड, किंचित आंबूस वासानं भरून गेली.

"मोह आहे का?" मी विचारलं.

"होय न बाई. माहेराहून आनला. भावानं बांधून देल्ला."

मशीनमधून तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि पुढच्या सीटकडे वळले. वळताना पोटात असं काही दुखलं की विचारू नका. भावानं बांधून दिला म्हणे! ते सांगायची काय गरज होती? मी फक्त मोह आहे का, एवढंच विचारलं होतं.

हेवा माझ्यात लहानपणापासूनच आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. कोणाला बीपी असतो, कोणाला शुगर, मला हेवा. शहाणी माणसं तो लपवतात. मला ते जमत नाही, माझं तोंडच सगळं सांगून टाकतं. मोहाचा हंगाम आला की तो जरा जास्त वर येतो, इतकंच. आणि त्यातही एका वर्षीचा हंगाम असा आहे की त्याची नुसती आठवण झाली तरी मी अजून जळते.

आमचं गाव आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात बरंच आत. थोडी घरं आम्हा धान पिकवणाऱ्यांची, बाकी गोंडांची. होळीच्या सुमारास मोहाची पानं गळून झाड उघडंबोडकं होतं आणि मग सकाळी सकाळी फुलं टपटपायला लागतात. फूल म्हणजे पाकळ्याबिकळ्या काही नाहीत. पिवळट, रसरशीत, द्राक्षाएवढा गोळा. वेचून वेचून बोटं चिकट होतात आणि मग दिवसभर भाकरीलाही तोच वास येतो. वाळत टाकलेली फुलं अंगणात पसरली की चालायला जागा उरत नाही. लहान असताना त्यांच्या मधल्या वाटेनं एका पायावर उड्या मारत मी न्हाणीपर्यंत जायचे आणि एखादं फूल चिरडलं की मायची हाक यायची.

आमच्याकडे मोहाचं झाड जंगलात उभं असलं तरी बेवारस नसतं. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे पोराटोरांनाही पाठ असतं. त्याला कागद नाही, कुंपण नाही, खोडावर खूणसुद्धा नाही. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. हरणं, अस्वलं, माकडं यांना सगळं माफ; माणसाला नाही. बाबांनी आमच्यात झाडं वाटली तेव्हा नाल्याकाठचं दांडगं झाड दादाला दिलं आणि तिथून हाकेच्या अंतरावरचं, टेकाडावरचं मला. माझं झाड म्हणजे नुसतं लाकूड. मनात आलं तर चार फुलं टाकायचं. दादाच्या झाडाखाली मात्र पिवळी सतरंजी अंथरलेली असायची. मी त्याच्या टोपलीकडे बघत बघत वेचायचे आणि रडकुंडीला यायचे. मग तो ओंजळभर फुलं माझ्या टोपलीत टाकायचा आणि वर म्हणायचा, "तुह्या झाडानं आज लय मेहनत केली न सुमे." मला त्या ओंजळीचा आनंद व्हायचा आणि रागही यायचा. देणारा दर वेळी तोच का?

त्या दादाला जंगलवाल्यांनी, म्हणजे नक्षल्यांनी, मारलं. दुसरीकडे अमका तमक्या आजारानं गेला म्हणून सांगतात, तसं आमच्या भागातल्या कितीतरी घरांत हे वाक्य सांगितलं जातं. त्याचा ट्रॅक्टर होता. गावचा कच्चा रस्ता पक्का करायचा होता, त्यासाठी तो गिट्टी वाहत होता. रस्ता पक्का झाला की पोलिसांच्या गाड्या बारा महिने येणार, म्हणून रस्त्याचं काम करणारा शत्रू. आणि रोज ठाण्यावरून जातो, म्हणून खबऱ्या. एवढ्यावर त्यांच्या दलमनं, बंदूकधारी तुकडीनं, निकाल लावला. संध्याकाळी घरातून घेऊन गेले. मायनं दाराशी त्यांचे पाय धरले. "विचारपूस करून सोडतो," असं म्हणाले होते. विचारपूस, हा शब्द तेव्हापासून मला नकोसा झाला आहे.

त्यानंतर माय दादाच्या झाडाखाली गेली नाही. माझं झाड, बाबा गेल्यावर मागे राहिलेली त्यांची झाडं, सगळीकडे ती टोपली घेऊन जायची, पण नाल्याकडे वळायची नाही. वर्षामागून वर्षं त्या झाडाची फुलं खाली पडून सडली. गावातल्या कोणी त्यातलं एक उचललं नाही. अस्वलांची मात्र चंगळ झाली. मला तर अस्वलांचाही हेवा वाटायचा, की यांना बघा, दादाच्या झाडाखाली खुशाल जाऊन बसता येतं.

आणि मग त्या वर्षी मैनीनं ती चूक केली.

मैनी मूळची दूरच्या, इंद्रावतीच्या बाजूच्या गावची. न्हातीधुती होते न होते तोच दलममध्ये गेली, बंदूक घेऊन जंगलात वाढली, आणि कंटाळून शेवटी सरकारपुढे शरण आली. शरण आलेल्यांना शहराकडे घरं देतात, कामं देतात. तिचा तिथे जीव रमेना. आमच्या गावात तिची म्हातारी आत्या एकटी होती, तिच्याकडे ती येऊन राहिली. गावानं अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. अशात ती सकाळी जंगलात गेली, नाल्याकाठी एक दांडगं झाड पाहिलं, खाली कुजलेल्या फुलांचा थर. कोणाचंच नसणार, असं तिला वाटलं. आमच्या गावच्या शेंबड्या पोरानंही अशी चूक केली नसती. तिनं खालचा पालापाचोळा झाडून घेतला, जागा लख्ख केली आणि दुसऱ्या दिवसापासून वेचायला बसली.

मायच्या कानावर हे गेलं तेव्हा ती काठी घेऊन निघाली. माय साधुसंत वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगते. तिच्या तोंडापुढे भले भले टिकत नाहीत. नाल्यावर जाऊन तिनं त्या पोरीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि शेवटी म्हणाली, "माह्या देवीदासचं झाड हाय हे! त्याले मारल्यापासून कोनी हात नाई लावला इथी!"

मैनीनं भरलेली टोपली मायच्या पायाशी ठेवली. मग विचारलं, "देवीदास म्हंजे ट्रॅक्टरवाला?"

मायनं हो म्हटलं. आणि मैनीनं सांगून टाकलं की त्या दिवशी ती तिथे होती. हात बांधून दादाला बसवलं होतं, त्याच्यावर पहारा तिचा होता. गोळी दुसऱ्यानं घातली. पण ती तिथे होती.

सांगायची गरज नव्हती. कोणाला काही ठाऊक नव्हतं. मायनं काठी उचलली होती, असं म्हणतात. पुढे काय झालं ते दोघींपैकी कोणीच नीट सांगत नाही. माय म्हणते, मी खाली बसले. मैनी म्हणते, माय बसली म्हणून मी पाणी आणलं. एवढं खरं की दुपारी दोघी एकामागून एक गावात आल्या आणि टोपली मैनीच्या डोक्यावर होती.

मला हे कळवलं वसंतानं. वसंता माझा चुलतभाऊ, दादाच्याच वयाचा, दोघांची जोडी. फोनवर म्हणाला, "सुमे, मायनं घरात कोनाले घेतलं, ठाऊक हाय का तुले? रोज येऊन बसते ते. रोज! पाटलानं बैठक लावली, तिले गावात ठेवाचं का हाकलाचं त्याची. तू ये. बहीन हायस. तू नाई म्हटलं का कोनाचं काई चालनार नाई."

मी रजा टाकली आणि निघाले. गाडीत कंडक्टरनं, ओळखीचाच होता, तिकिटाचं विचारून चेष्टा केली तर मी त्याच्यावर खेकसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ती बाई गावात राहता कामा नये.

अंगणात पाय टाकला तर मोह वाळत पडलेला, आणि माय आणि ती समोरासमोर बसून फुलांमधले केसर झटकत होत्या. ती दिसायला कशी असेल याची मी वाटभर कल्पना केली होती. मोठे डोळे, कडक चेहरा, असलं काहीतरी. समोर होती एक बारकीशी, सावळी बाई, पदर खोचलेला, कानाशी पांढरे केस आलेले. मला पाहून उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. माझ्या घरात मला पाणी! तांब्या कुठे असतो हेही तिला ठाऊक. मी ते पाणी घेतलं नाही. तिनं तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि मायला म्हणाली, "येतो मी, माय."

माय! आमच्याकडे कोणत्याही म्हाताऱ्या बाईला माय म्हणतात, मीही गाडीत दिवसभर म्हणत असते. पण तिच्या तोंडून तो शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं, स्पष्ट बोलायलाच. ती आत्याच्या दाराशी कुडाला शेण-माती लावत होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ताई, तुमाले डालीखाली लपवलं होतं न दादानं? अस्वल आलतं तवा?"

झालं असं होतं. मी अगदी लहान असताना मोह वेचायला गेलो होतो आणि झुडपात अस्वल खसपसलं. दादानं मला जमिनीवर बसवलं, कोंबड्या झाकायची मोठी डाली होती ती माझ्यावर उपडी घातली आणि तिच्यावर बसून मोठमोठ्यानं गाणी म्हणत राहिला. अस्वल निघून गेलं. डालीच्या फटींतून दिसणारं ऊन मला अजून आठवतं. आमच्या घरातली ती सगळ्यात लाडकी गोष्ट.

"त्यानं पॅन्टीत मुतलं होतं," मैनी म्हणाली. "गानं म्हनता म्हनता. मंग नाल्यात जाऊन धुतलं. सुमीले सांगू नोको, अशी शपथ घातलती मायले."

हे मला माहीत नव्हतं! माझ्या भावाची गोष्ट, मी जिच्यात बसले होते ती गोष्ट, आणि तिचा शेवट मला ही सांगत होती. जिनं त्याच्यावर बंदूक धरली होती, तिच्या वाट्याला दादाचा तो एक तुकडा आला होता आणि माझ्या वाट्याला आला नव्हता. भांडायला गेलेली मी तशीच परत फिरले. घरी येऊन मायवर तुटून पडले.

"मला कधी सांगितलं नाहीस ते! तिला सांगितलंस?"

"तू लहान होतीस तवा त्याची शपथ होती," माय म्हणाली. "तो गेल्यावर तुह्यापाशी त्याचं नाव काढलं का तू रडत होतीस. त तुले काय सांगू? ते आयकते."

"ऐकेल नाहीतर काय करेल? मारलं तिनं त्याला!"

माय सुपातली फुलं पाखडत होती. ती थांबली. "तेच त सांगून राह्यली तुले. तिनं त्याले मारलं तवा तिले तो ठाऊकच नोहता. ट्रॅक्टरवाला, खबऱ्या, बस. कोनाचा पोरगा, काय खाते, काऊन हासते, काई ठाऊक नाई. आता मी सांगतो तिले रोज. लहानपनापासून सांगून राह्यली. होऊ दे तिले ठाऊक सारा. मंग पाहू कशी झोपते ते." आणि सूप पुन्हा हलवत, "झोपत नाई ते. आत्या सांगत होती."

मायचं हे काय चाललं होतं, याला मी आजही नीट नाव देऊ शकत नाही. पाहुणे लोक, पेपरवाले, कधी कधी गावात येणाऱ्या संस्थांच्या बाया संवाद म्हणतात, समेट म्हणतात, क्षमा म्हणतात. क्षमेचा तर मायनं शब्दही काढला नाही. मधूनच ती मैनीला "निघ माह्या डोळ्यापुढून" म्हणून हाकलायची आणि दुसऱ्या दिवशी ती आली नाही की आत्याकडे निरोप धाडायची. पण जे आमच्या गावात वर्षानुवर्षं कोणी केलं नव्हतं ते ती करत होती. विचारत होती आणि ऐकत होती. दादा गेला तेव्हा त्याचं नाव जंगलवाल्यांना कोणी सांगितलं म्हणून गावात कुजबुज झाली, त्या संशयातून एका घराचं गवत कोणी पेटवलं, मग त्या घरातला पोरगा रागानं जंगलात गेला, तो चकमकीत मेला, मग त्याच्या लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. कोणी कोणाला समोर बसवून विचारलं नव्हतं की बाबा, तू हे का केलंस.

एका सकाळी मीही त्यांच्याबरोबर वेचायला गेले. माझ्या झाडाखाली बसले. मायनं दादाचं झाड आता वेचायला सुरुवात केली होती, मैनीला समोर बसवून. मी पाठ करून बसले होते, पण कान सगळे तिकडे. जंगल त्या वेळी इतकं शांत असतं की फूल पडल्याचाही आवाज येतो. मायनं विचारलं, "काऊन गेली होतीस व तू त्याहीच्यात?"

बराच वेळ नुसती फुलं पडत राहिली. मग मैनी म्हणाली, "बूट."

"का म्हटलं?"

"त्याहीच्यात पोरी होत्या. बूट घालून आल्या आमच्या गावात. गानं म्हनत. माह्या बापानं मले एका म्हाताऱ्याले द्याचं ठरवलतं. मले वाटलं, बूट भेटन, पळता येईन."

मला संताप आला. बुटासाठी? माझा दादा गेला तो एका पोरीला बूट हवे होते म्हणून? मला वाटलं माय आता काठी घेईल. तर माय म्हणते, "देवीदासलेबी बुटाचा लय शौक. चिखलात जाताना काखेत मारत होता, खराब होते म्हनून." आणि दोघी पुन्हा वेचायला लागल्या. मी टेकाडावर, माझ्या चार फुलांसमोर, एकटी. त्या दोघींमध्ये दादा बसला आहे, बूट काखेत मारून, आणि मला कोणी बोलावत नाही, असं मला वाटलं. आयुष्यात मला कोणाचा इतका हेवा वाटला नाही.

हेवा मला वसंताचाही वाटायचा. त्याचा राग सरळ होता, रस्त्यासारखा. सकाळी उठला की तोच राग, संध्याकाळी तोच. बैठकीच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "ठेवली तिले गावात, त एखाद दिवस माह्या हातून काई होऊन जाईन सुमे. मंग मले बोल नोको लावू." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दादाच्या ट्रॅक्टरवर तो नेहमी मडगार्डवर बसायचा. मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, उद्या मी बोलते.

बैठक दुपारी समाजमंदिरात झाली. बाप्ये एका बाजूला, बाया एका बाजूला, मैनी दाराशी, ना आत ना बाहेर. पाटील म्हातारे आहेत, कमी बोलतात. म्हणाले, "दुःख हिच्या घरचं. हिनं सांगाव," आणि मायकडे पाहिलं.

माय बसल्या जागेवरून म्हणाली, "मले काऊन इचारता? माहं मी इचारून घेतलं. हिचाबी भाऊ होता तो. हिले इचारा." आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उभी राहिले. वसंता समोरच होता. शब्द तयार होते, वाटभर घोकले होते: हिला इथे राहू देऊ नका. फक्त बोलायचे होते. मैनीनं मान वर केली आणि मी तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनात आलं की मी आता बोलले की ही जाईल, आणि दादाची शेवटची वेळ जिच्याकडे आहे ती बाई ती वेळ घेऊन जाईल. मला ती हवी होती. माझी होती ती! तिच्याकडे कशी राहू देऊ?

"तो शेवटी काय बोलला?" मी विचारलं.

मैनीनं मायकडे पाहिलं. मायनं मान हलवली, म्हणजे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

मैनी म्हणाली, "त्यानं म्हटलं, सकाळची गाडी माह्या बहिनीची हाय. मले रस्त्यावर नोका टाकू."

त्या काळात माझी ड्यूटी आतल्या मुक्कामी गाडीवर होती. गाडी रात्री शेवटच्या गावात थांबायची आणि सकाळी आमच्या गावावरून परत यायची. जंगलवाले ज्याला मारत, त्याला रस्त्याच्या मधोमध टाकून जात, सगळ्यांनी पाहावं म्हणून; पहिली गाडी जाते तिला ते दिसायचं. दादा मात्र रस्त्यापासून बराच आत सापडला, दुपारी, लाकडाला गेलेल्यांना. त्या सकाळी मी त्याच रस्त्यानं गेले होते. आदल्या संध्याकाळी त्याला नेल्याचं भीतीपोटी आमच्या थांब्यावर कोणी मला सांगितलं नाही. प्रवासी चढले, उतरले, मी घंटी मारत राहिले. आलापल्लीला पोचल्यावर मी चहासुद्धा प्यायले.

"मंग?" पाटलांनी विचारलं.

"मंग मी कमांडरले म्हटलं, रस्त्यावर गाडी येते, लवकर बोभाटा होईन, आतच राहू द्या. तेवढंच केलं मी. दुसरं काई नाई केलं." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

बाया रडत होत्या. वसंता उठून बाहेर निघून गेला. पाटलांनी पुन्हा विचारलं, "सांग बाई, तुहं काय?"

"राहू द्या," मी म्हटलं. अगदी रागानं म्हटलं. "राहू द्या तिला इथेच."

लोकांना वाटलं माझं मन मोठं. काही बायांनी येऊन माझा हात धरला. मन मोठं वगैरे काही नाही. दादाचे ते शब्द मला मिळाले, पण ते ज्या आवाजात तो बोलला तो आवाज तिच्या कानात आहे, माझ्या नाही. तो घाबरला होता का, घसा कोरडा पडला होता का, नेहमीसारखा वाक्याच्या शेवटी चढला होता का आवाज, हे एका तिलाच ठाऊक. तिला हाकललं असतं, वसंताच्या हातून उद्या काही झालं असतं, तर दादा तेवढा आणखी मेला असता. बदल्याचा विचार माझ्याही डोक्यात वर्षानुवर्षं होता. पण मला दादा हवा होता, आणि त्याचा एक मोठा तुकडा त्या बाईजवळ होता. तिचा हेवा वाटतो म्हणूनच ती मला जिवंत हवी होती. हे कोणाला पटो न पटो.

तेव्हापासून कितीतरी हंगाम गेले. रस्ता डांबरी झाला, टॉवर आला, जंगलवाल्यांचं नाव आता कमी ऐकू येतं. दादाचं झाड माय आणि मैनी वेचतात. मी जमेल तेव्हा जाते, आणि जाते तेव्हा मैनीला प्रश्न विचारते. ती सांगते, तेच ते, त्याच शब्दांत. वसंता तिच्याशी अजूनही बोलत नाही. मी त्या दोघींना एकत्र हसताना पाहिलं की अजूनही जळते, आणि माय मुद्दाम मोठ्यानं हसते.

परवा ती पोतडीवाली बाई उतरली आणि ड्यूटी संपल्यावर मी डेपोतून घरी फोन लावला. माय म्हणाली, मैनीला हिवताप झाला, दवाखान्यात नेलं. वसंताच्या मोटरसायकलवर. वसंता वाटभर एक शब्द बोलला नाही, पण उतरताना त्यानं तिला हात दिला म्हणे.

"कशी आहे आता?" मी विचारलं.

"बरी हाय. घरी आनली. अन् माहे गुडघे कसे हाय, हे नाई इचारत तू. आल्या फोनपासून मैनी, मैनी!" माय फणकारली. "घे, बोल तिच्यासंगच."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. मैनीचा आवाज अगदी खोल गेला होता. मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घे, पाणी उकळून पी. ती हो हो म्हणत राहिली. मग म्हणाली, "ताई, एक सांगाचं राह्यलं. तवा बैठकीत सारे होते, म्हनून नाई सांगितलं. त्यानं बहिनीची गाडी नाई म्हटलं पयले. सुमीची गाडी हाय, असं म्हटलं."

मी फोन कानाला घट्ट दाबला. डेपोत गाड्यांचा गोंगाट होता.

"मले काय ठाऊक सुमी कोन? मी इचारलं त्याले, सुमी कोन? त बहीन हाय म्हने माही. लय भांडकुदळ हाय म्हने. तिकिटासाठी मलेबी सोडत नाई म्हने." ती थांबली, श्वास घेतला. "मले हासू आलं, ताई. तोबी हासला."

"मग?" मी विचारलं. "मग अजून काय बोललात तुम्ही?"

"मंग तिकून कमांडरनं आवाज देल्ला," मैनी म्हणाली, "चला म्हनून."